तीळ, चामखीळ काढल्याचे अनुभव

सायली_ठाणे: आज लेकाचा लायसनचा फॉर्म भरताना 'ओळखीची खूण' हा रकाना आला आणि माझा गालावरचा तीळ आठवला. शाळेच्या दाखल्यापासून सगळीकडे तोच लिहिलाय! पुढे तो फुगायला लागला, कडा वेड्यावाकड्या, टॉवेल घासला की रक्त. स्किनच्या डॉक्टरांनी डर्माटोस्कोप (तीळ मोठा करून दाखवणारं भिंग) टेकवून बराच वेळ बघितला. म्हणाले, जाळायचा नाही, कापून बायोप्सीला पाठवू. भुलीची सुई तेवढी झोंबली, बाकी टाके घातलेलेही कळले नाहीत. रिपोर्ट येईपर्यंत सासूबाईंनी देवीला नारळ बोलून ठेवला. साधा तीळच निघाला. तुमचंही सांगा.

घारी_पुरी: मानेवर चामखिळी होत्या. आजीने घोड्याच्या शेपटीचा केस करकचून बांधला, गळून पडल्या. शपथ!

कंटाळेश्वर: आता घोडा कुठून आणायचा?

घारी_पुरी: वरातीतला चालेल. नवरदेव उतरला की उपटायचा.

रानजाई: केसबिस नको हो, माझ्या काकांचं पिकलं होतं. डायबेटिस होता त्यात.

मधुरा_मेलबर्न: इकडे उन्हाचं फार. गोऱ्या शेजारणी नेमाने अंगभर तपासून घेतात. मी गेले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी तळपाय दाखव. आपल्या रंगाच्या लोकांत मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, कमी, पण झालाच तर बऱ्याचदा तळवे नाहीतर नखाखाली. गायक बॉब मार्लीला पायाच्या अंगठ्यालाच झाला होता, 1981 मध्ये गेला बिचारा, जेमतेम 36 वर्षांचा. 6 मिमीपेक्षा मोठा, दोनतीन रंगांचा किंवा बदलत चाललेला तीळ असेल तर दाखवाच.

कंटाळेश्वर: मोजे काढून बसलोय. एक ठिपका आहे. धुतल्यावर गेला.

वसुधा६४: आमच्या इथल्या पार्लरवालीने कॉटरीने, म्हणजे विजेच्या तापलेल्या सुईने, हनुवटीवरचा काढून दिला. जळक्या केसांचा वास आणि वर खड्डा. नंतर डॉक्टर भडकले, जाळून टाकलंत, आता तपासायचं काय?

रानजाई: ओठावरचा काढू का? हे म्हणतात लकी आहे.

वसुधा६४: लकी त्यांना असेल. वाढत नसेल तर राहू दे, उगाच व्रण कशाला.

सायली_ठाणे: वसुधाताई, खड्डा भरला का? मला टाके काढल्यावर सिलिकॉन जेल दिलं होतं, आणि सनस्क्रीन रोज.

वसुधा६४: थोडा. घारी_पुरी, तुझं नाव वाचून मघापासून भोपळ्याच्या घाऱ्या खाव्याशा वाटतायत. गूळ किती घेतेस?

घारी_पुरी: किसाच्या निम्मा. पाणी अजिबात नको, मावेल तेवढीच कणीक. कुकर झाला, येते.