टीमक्समधले रंग ‘विटतात’, ‘फिके पडतात’ की ‘उतरतात’?

दादरची अनुवादक

टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याच्या खिडकीत, काम शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत एक पुस्तिका तयार होत असून तिच्यातले टीमक्सवरचे प्रकरण माझ्याकडे आले आहे. टीमक्स हा ‘टर्मिनल मल्टिप्लेक्सर’, म्हणजे एकाच टर्मिनलचे अनेक भाग करून देणारा प्रोग्रॅम. टीमक्समध्ये शिरल्यावर एडिटरचे, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमचे, रंग बाहेरच्यासारखे दिसत नाहीत, या तक्रारीला त्यात चार पाने दिली आहेत, आणि मूळ मजकुरात त्या रंगांना लावलेल्या विशेषणाचा शब्दशः अर्थ ‘धुऊन गेलेले’ असा होतो. मी ‘विटलेले रंग’ असे लिहिले होते. तपासनिसांनी ते खोडून ‘फिके रंग’ केले आणि समासात शेरा मारला की विटते ते कापड, विटतो तो जीव. पडदा विटत नाही. माझ्या आजीच्या तोंडी मात्र ‘विटका’ हा शब्द भिंतीपासून छत्रीपर्यंत सगळ्यांना लागू असे. फिका म्हणजे मुळातच कमी रंगाचा आणि विटका म्हणजे एके काळी चांगला असून आता रया गेलेला, हा फरक मला येथे हवा आहे, कारण तोच रंग टीमक्सच्या बाहेर ठसठशीत दिसत असतो. जाणकारांनी मत द्यावे.

परळकर

तपासनिसांचा शेरा मला निम्माच पटतो. माझे वडील परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. घरी ते बोलत तेव्हा रंग एक तर ‘कच्चा’ असे, म्हणजे पहिल्या धुण्याला सुटणारा, नाही तर ‘बसलेला नसे’, म्हणजे ठरल्यापेक्षा निराळी छटा आलेला. ‘विटका’ हा शब्द ते आमच्या शाळेच्या गणवेशासाठी राखून ठेवत. विटायला ऊन लागते आणि दिवस लागतात. टीमक्स सुरू करताच क्षणार्धात विटणारा रंग मी तरी पाहिलेला नाही. ‘उतरलेले रंग’ लिहावे. चेहरा जसा क्षणात उतरतो, तसा रंगही उतरतो.

रात्रपाळी

शब्द ठरवण्याआधी बिघाड कोणता आहे ते ठरवावे लागेल. मी अंधेरीला सर्व्हर सांभाळतो आणि ही तक्रार महिन्यातून दोनदा तरी माझ्याकडे येते. आधुनिक टर्मिनल लाल, हिरव्या आणि निळ्याच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या ओळखते, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ छटा. जुन्या पद्धतीच्या पेटीत २५६च रंग असतात : १६ मूळचे, २१६ तिन्ही रंगांच्या सहा-सहा पायऱ्यांतून (६×६×६) आलेले आणि २४ करडे. टीमक्स हा एडिटर आणि खरे टर्मिनल यांच्या मध्ये बसलेला असतो. बाहेरच्या टर्मिनलला सगळ्या छटा झेपतात हे त्याला कोणी सांगितलेले नसेल, तर तो मागितलेल्या छटेच्या सर्वांत जवळचा रंग २५६च्या पेटीतून काढून देतो. ही सांगण्याची सोय २०१६ च्या २.२ या आवृत्तीपासून आहे; तेव्हा टीमक्सच्या ‘टर्मिनल-ओव्हरराइड्स’ या सेटिंगमध्ये ‘टीसी’ लिहावे लागे, आणि २०२१ च्या ३.२ पासून ‘टर्मिनल-फीचर्स’मध्ये ‘आरजीबी’ लिहिले की भागते. एका रंगाकडून दुसऱ्या रंगाकडे हळूहळू जाणारा पट्टा टीमक्सच्या बाहेर आणि आत काढून पाहावा. बाहेर तो सलग दिसला आणि आत पायऱ्यापायऱ्यांचा दिसला, तर दुखणे हेच आहे. यात काही विटलेले नाही आणि काही उतरलेलेही नाही.

दादरची अनुवादक

म्हणजे हे आमच्या दादरच्या मॅचिंग सेंटरसारखे झाले. साडी घेऊन जावे, तर दुकानदार गठ्ठ्यातून ‘त्यातल्या त्यात जवळचा’ पीस काढतो आणि दिव्याखाली धरून तो अगदी तोच असल्याचे शपथेवर सांगतो. घरी आल्यावर उजेडात कळते. तो पीस फिका नसतो आणि विटकाही नसतो. कधी कधी तर साडीपेक्षा भडक असतो. मग ‘मिळतेजुळते रंग’ म्हणावे का? परंतु हा शब्द तक्रारीसारखा वाटत नाही, कौतुकासारखा वाटतो.

शुद्धपक्ष

एवढा खल करूनही ‘टर्मिनल’, ‘एडिटर’ आणि ‘सर्व्हर’ हे शब्द सर्वांनी निमूटपणे गिळलेले पाहून खेद वाटतो. जो ‘टर्मिनल’ला मराठी शब्द देऊ शकत नाही, त्याने विशेषणावर रक्त आटवू नये. ‘अग्रक’ किंवा ‘अंत्यक’ यांपैकी एक शब्द रुळवता येईल. आणखी एक : पूर्ण छटांच्या त्या सोयीला, इंग्रजीतल्या ‘ट्रू कलर’ला, पुस्तिकेत ‘खरे रंग’ म्हटले असेल, तर ते आताच काढून टाकावे. मराठीत माणूस ‘आपले रंग दाखवतो’ तेव्हा तो काही चांगले करत नसतो.

परळकर

‘अंत्यक’ हा शब्द अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानात शोभेल. ज्या स्थानकाचे नाव १९९६ मध्ये बदलले, त्याच्याही नावात ‘टर्मिनस’ राहिलाच, आणि २०१७ मध्ये ‘महाराज’ जोडले गेले तेव्हाही तो कोणाला खुपला नाही. टर्मिनस हा रोमन लोकांचा सीमेचा देव होता, म्हणजे आपल्या वेशीवरच्या म्हसोबाचा भाऊबंदच. मला तर ‘टर्मिनल’ हा शब्द परका वाटतच नाही.

शुद्धपक्ष

देवांचे नाते जुळले म्हणून शब्दांचे जुळत नाही. या न्यायाने उद्या ‘मल्टिप्लेक्सर’ही आपलाच ठरेल, आणि पुस्तिका वाचणारा मुलगा तो शब्द पाहून तिकिटाची चौकशी करील.

रात्रपाळी

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण माझे सांगणे अर्धे राहिले आहे. ‘रंग बिघडले’ या एका तक्रारीत निदान तीन निरनिराळे बिघाड असतात. जवळचा रंग मिळणे हा पहिला. दुसरा असा की एडिटरची पार्श्वभूमी फक्त अक्षरांमागे दिसते आणि ओळीचा उरलेला भाग काळा राहतो. पुसलेल्या जागेला पार्श्वभूमीचा रंग देण्याबाबत एडिटर आणि टर्मिनल यांची समजूत जुळत नाही, म्हणून हे घडते. तिसऱ्यात तिरकी अक्षरे तिरकी न दिसता उलट्या रंगात, म्हणजे काळ्यावर पांढरे असायचे ते पांढऱ्यावर काळे, दिसू लागतात. येथे आतल्या प्रोग्रॅमला ‘टर्म’ या व्हेरिएबलमधून, म्हणजे टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या नोंदीतून, ‘स्क्रीन’ असे नाव सांगितलेले असते, आणि त्या नावाच्या जुन्या नोंदीत तिरक्या अक्षरांचा संकेत ठळक उठाव देण्यासाठी वापरलेला आहे. टीमक्सच्या ‘डिफॉल्ट-टर्मिनल’ या सेटिंगला ‘टीमक्स-२५६कलर’ असे नाव दिले की हा तिसरा बिघाड जातो. मात्र दूरच्या जुन्या यंत्रावर त्या नावाची नोंद नसेल, तर तेथे निराळेच रडगाणे सुरू होते. तिघांना एकच विशेषण लावले, तर शिकणारा चुकीच्या जागी औषध लावील.

परळकर

दुसऱ्याला रंगाऱ्यांचा शब्द तयार आहे : ‘हात पोचला नाही’. भिंतीचा कोपरा कोरा राहिला की मुकादम हेच म्हणतो.

दादरची अनुवादक

हा मी घेतला. तिसऱ्याला ‘उलटलेले रंग’ चालेल. पहिल्याचे मात्र अडलेलेच आहे. शिवाय एक कबुली : रात्रपाळी यांनी सांगितल्याप्रमाणे सेटिंग बदलूनही माझ्या पडद्यावर काल काहीच फरक पडला नव्हता.

रात्रपाळी

खिडकी बंद करून पुन्हा उघडली असेल. टीमक्सचा सर्व्हर, म्हणजे त्याचा पडद्यामागे काम करणारा भाग, तरीही चालूच राहतो आणि सेटिंगची फाइल तो सुरू होतानाच आपणहून वाचतो. शिवाय आधीच उघडलेल्या खणांना, म्हणजे टीमक्सने पडद्याच्या केलेल्या भागांना, ‘टर्म’चे जुनेच नाव चिकटलेले असते. आतली कामे जतन करून सर्व्हर पूर्ण बंद करावा आणि नव्याने सुरू करावा. शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलमध्ये कोणी ‘टर्म’ला हाताने ‘एक्सटर्म-२५६कलर’ केले असेल, तर ती ओळ काढावी. अशी ओळ लिहिणे म्हणजे आतल्या प्रोग्रॅमला खोटा पत्ता देणे आहे.

शुद्धपक्ष

‘खण’ हा शब्द वापरल्याबद्दल रात्रपाळी यांचे अभिनंदन. मला वाटते तो ‘खंड’वरूनच आला असावा.

दादरची अनुवादक

पुस्तिकेत तेथे ‘तावदान’ आहे, आणि तपासनिसांनी त्याला हात लावलेला नाही.

परळकर

तावदानातून पलीकडचे दिसते. टीमक्सच्या त्या भागातून पलीकडचे काहीही दिसत नाही, त्यात राहावे लागते. आमची चाळीतली जागा दोन खणांची होती. मधे पडदा टाकला की एकीकडे रेडिओ आणि दुसरीकडे माझा अभ्यास चाले. ‘खण’च योग्य आहे.

शुद्धपक्ष

चोळीच्या खणाशी घोटाळा होईल, त्याचे काय? मॅचिंग सेंटरचा विषय तर आधीच निघालेला आहे.