‘सांत्वन’ जिवंतपणी करतात का? (शब्दचर्चा)

परळची अनुवादिका:
कॅन्सरच्या पेशंटबरोबर परळला येऊन राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी एक छोटी प्रार्थनापुस्तिका मराठीत करते आहे. नगर, जालना, औरंगाबादकडची बरीच मंडळी असतात. मूळ इंग्रजीत ‘कम्फर्ट’ आणि ‘होप’ हे दोन शब्द पानोपानी येतात. पहिल्या खर्ड्यात मी ‘सांत्वन’ आणि ‘आशा’ ठेवले. नेवाशाकडच्या एका बाईंना वाचून दाखवलं, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. “ताई, सांत्वनाला लोक माती झाल्यावर येतात. माझा माणूस आत वॉर्डात बसून पेज पितोय.” ‘आशा’ही त्यांना नको होती, कारण ‘आशा ठेवू नका’ हे वाक्य त्या आदल्याच आठवड्यात डॉक्टरांकडून ऐकून आल्या होत्या. त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं, पण मग लिहू काय? पुस्तिका येत्या आठवड्यात छापायला जाणार आहे.

बोरिवलीकर:
‘सांत्वन’ बदलू नका. संस्कृतात सांत्व म्हणजे शांतवणं, गोड शब्दांनी समजूत घालणं. त्यात मरण कुठेच नाही. बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाचा चाळिसावा अध्याय ‘सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा’ असाच सुरू होतो. ते शब्द बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांसाठी आहेत, आणि ते लोक जिवंत होते, घरी परतायची वाट बघत होते. वर्तमानपत्रांनी ‘कुटुंबीयांचे सांत्वन केले’ लिहून लिहून शब्द स्मशानात नेऊन ठेवला, म्हणून आपणही तो तिथेच सोडायचा का?

भायखळ्याची सून:
बोरिवलीकर, व्युत्पत्ती बरोबर आहे हो, पण त्या बाई शब्दकोश घेऊन बसलेल्या नाहीत. आजाऱ्याच्या उशाशी आमच्याकडे कोणी ‘सांत्वन करायला आलो’ म्हणत नाही. पाळकसाहेब येतात, वचन वाचतात, प्रार्थना करतात आणि निघताना म्हणतात, “प्रभू तुम्हाला धीर देवो.” तेविसाव्या स्तोत्रातही तेच आहे: ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात.’ इंग्रजीत तिथे ‘कम्फर्ट’च आहे. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मराठी बायबलनेच देऊन ठेवलंय.

माझ्या सासूबाई शेवटच्या आजारात हे स्तोत्र तोंडपाठ म्हणायच्या. एकदा रात्रपाळीची नवी नर्स ‘आकडी, आकडी’ ऐकून धावत आली. तिला वाटलं पेशंटला झटका आला. सासूबाईंनी तिला हाताला धरून खाटेवर बसवलं आणि मेंढपाळाची आकडी कशी असते ते सांगितलं. आकड्याची काठी, तिने मेंढरांसाठी झाडाची फांदी खाली ओढतात. त्या मूळच्या राहुरीच्या, लहानपणी धनगरांचे वाडे बघितलेल्या. ती पोरगी नंतर रोज ड्यूटी संपली की पाच मिनिटं येऊन बसायची. सासूबाईंना तेव्हा स्वतःला उठून बसता येत नव्हतं, आणि त्या दुसऱ्या कोणाला तरी धीर देत होत्या. मला ‘धीर’ म्हटलं की तेच आठवतं.

दादरचा वाचक:
‘दिलासा’ का नको? सगळ्यांना कळतो, जिवंतपणीही चालतो. शिवाय त्यात दोन्ही शब्द आले: दिल + आशा. मनाला आशा. एका शब्दात ‘कम्फर्ट’ आणि ‘होप’!

कोशवेडा:
दादरकर, फोड सुंदर आहे पण खरी नाही. ‘दिलासा’ फारसी आहे. दिल आणि आसा, आणि त्या ‘आसा’चा संबंध विश्रांतीशी, निवांतपणाशी. आपल्या ‘आशे’शी त्याचं नातं नाही. अर्थाने मात्र तो फार जवळचा आहे: जिवाला निवांतपणा.

बोरिवलीकर:
फारसी आहे म्हणूनच मी तो सुचवला नाही. प्रार्थनेची भाषा तरी निवळ असावी असं मला मनापासून वाटतं. आणि ‘दिलासा’ आता व्याजदर कमी झाले की कर्जदारांना मिळतो, पाऊस पडला की शेतकऱ्यांना मिळतो. देवाकडून मिळतं ते इतकं वरवरचं नसतं.

भायखळ्याची सून:
पावसाने शेतकऱ्याला मिळतं ते वरवरचं?

गावठाणातली:
निवळ भाषेबद्दल एक सांगते. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. त्यात स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’ म्हटलंय. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये आपल्या मुंबईत झाला. पुढे त्यांनी ख्रिस्ताची गाणी अभंगाच्या चालीवर बांधली, कारण दुःखात माणूस परक्या चालीत रडत नाही. ख्रिस्ती मराठी पहिल्यापासून जे जवळ होतं ते घेत आली आहे. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे कॅथलिक लोक तर चर्चमधल्या उपासनेला मिस्सा म्हणतो, नऊ दिवसांच्या प्रार्थनेला नोव्हेना म्हणतो, आणि घरात बोलतो मराठी.

आमच्या आळीच्या तोंडाला एक क्रूस आहे. मुंबईच्या गावठाणांतून असे कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीत उभे राहिले. साथ आळीत शिरू नये म्हणून लोक संध्याकाळी तिथे जमून रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, म्हणायचे. २०२० मध्ये चर्चला कुलूप होतं तेव्हा आम्ही आपापल्या खिडकीतून, त्या क्रुसाकडे तोंड करून रोझरी म्हटली. समोरच्या घरातले काका ऑक्सिजनवर होते. त्यांचा मुलगा फोन चालू ठेवून त्यांच्या कानाशी धरायचा. त्याला मी सांत्वन म्हणणार नाही, दिलासाही नाही. आमची आई त्याला ‘आधार’ म्हणते. माझं मत आधाराला.

कोशवेडा:
यावर खरं तर ग्रीकमध्ये उत्तर आहे. बायबलच्या नव्या करारातल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला, तिसऱ्या ते सातव्या वचनांत, प्रेषित पौलाने एकच शब्द नाम आणि क्रियापद मिळून दहा वेळा वापरलाय. मराठीत तिथे ‘सांत्वन’ येतं, आणि देवाला ‘सर्वसांत्वनदाता’ म्हटलंय. त्याच शब्दाचं भावंड योहानाच्या चौदाव्या अध्यायात पवित्र आत्म्यासाठी येतं, आणि तिथे मराठी बायबल म्हणतं ‘कैवारी’. मुळात अर्थ असा की हाक मारल्यावर शेजारी येऊन उभा राहणारा. कोर्टात बाजू मांडणाऱ्यालाही ग्रीक लोक तेच म्हणत. म्हणजे पाठीवरून हात फिरवणं हा त्यातला एक भाग झाला. बाजू घेणं हा दुसरा, आणि मला वाटतं मोठा.

परळची अनुवादिका:
‘कैवारी’ने मला एकदम थांबवलं. हॉस्पिटलच्या रांगेत, कागदपत्रांच्या खिडकीपाशी या लोकांच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं. त्यांना हा शब्द नक्की लागेल. पण ‘होप’ अजून राहिलंय.

दादरचा वाचक:
उमेद! (फारसी आहे, बोरिवलीकरांची माफी मागून.)

बोरिवलीकर:
उमेद माणसाची असते. वय उतरलं की जाते, पगार झाला की येते. इथे अभिप्रेत आहे ती देवावरची. ‘आशा’च ठेवा.

भायखळ्याची सून:
यावेळी मी बोरिवलीकरांच्या बाजूने, पण कारण वेगळं. मराठीत ‘आशा’ मुळात बिचारी आहे. आशाळभूत, वेडी आशा, आशेला लावणं. संस्कृत सुभाषितात तर ती अशी विचित्र साखळी आहे की बांधलेला धावत सुटतो आणि सुटलेला पांगळ्यासारखा बसून राहतो. आपल्या संतांनीही आशा सोडायलाच सांगितलं. पौल मात्र रोमकरांस लिहितो, की संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते, ‘आणि आशा लाजवत नाही.’ क्रम बघा. आशा सगळ्यांत शेवटी येते, संकट सोसून झाल्यावर. डॉक्टर जिच्याबद्दल बोलले ती रिपोर्टवरची आशा. रिपोर्ट वाईट आला तरी जी उरते ती ही. त्या बाईंना शब्द बदलून देण्यापेक्षा हे वचन पूर्ण छापा.

दादरचा वाचक:
‘लाजवत नाही’ आजच्या वाचकाला कळेल? ‘तोंडघशी पाडत नाही’ जास्त सरळ आहे.

भायखळ्याची सून:
वचन आहे ते. आमच्याकडे बायबलच्या ओळीलाही वचन म्हणतात आणि दिलेल्या शब्दालाही. ज्यांनी ते वर्षानुवर्षं पाठ केलंय त्यांना आजाराच्या वेळी तेच्या तेच शब्द लागतात. बदलू नका.

मढचा कोळी:
आशेवरून निघालंय तर इब्री लोकांस पत्रात तिला जिवाचा नांगर म्हटलंय ते घ्या. आम्हाला समजवायला लागत नाही. वारं फिरलं, मशीन बंद पडलं, की पहिलं काम नांगर टाकायचं. होडी हलते, उलट्या होतात, पण होडी वाहून जात नाही. आमच्या बाबांनी तुफानात अख्खी रात्र अशी काढलीय, रोझरी म्हणत. तुफान काय थांबलं नाही. होडी जागेवर राहिली.

कोशवेडा:
आणि तो नांगर शेतातल्या नांगराचा भाऊ नाही बरं का. शेतातला आला ‘लांगल’पासून, जहाजाचा फारसी ‘लंगर’पासून.

बोरिवलीकर:
याला आधार काय? दोन्हींना मातीत रुतणारं टोक असतं, अर्थविस्तार सहज होऊ शकतो. प्रत्येक दर्यावर्दी शब्द फारसीला देऊन टाकायची घाई का?

कोशवेडा:
हिंदीत आजही ‘लंगर डालना’ म्हणतात, आणि तिथे शेतातला तो ‘हल’. दोन शब्द वेगळे आहेत हे तिथे उघड दिसतं. मराठीत ल चा न झाला आणि दोघे एकाच रूपात आले.

परळची अनुवादिका:
वाद चालू द्या, पण मला वेगळीच काळजी लागली. माझे वाचक कोरडवाहू शेतकरी. ‘आशा हा जिवाचा नांगर’ वाचलं की त्यांच्या डोळ्यांपुढे होडी येईलच कशी? तळटीप देऊ का?

गावठाणातली:
तळटीप नको. शेजारी होडीच्या नांगराचं छोटं चित्र टाका. रोमच्या भुयारांतल्या थडग्यांवर पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तेच चित्र कोरलंय.

भायखळ्याची सून:
मी तर म्हणते चित्रही नको. नांगरटीचा नांगर समजले तर समजू देत. आधी जमीन उलथीपालथी होते आणि पेरणी मागून, हेही पौलाच्या क्रमाला धरूनच आहे.

मढचा कोळी:
नाही ताई, तसं नको. नांगरटीचा नांगर चालत राहतो. आमचा धरून ठेवतो. आजाऱ्याच्या घरच्यांना आत्ता कोणता पाहिजे ते बघा.

बोरिवलीकर:
चित्राला माझा पाठिंबा. ‘लंगर’ला नाही. कोशवेडा, एखादा जुना मराठी दाखला द्या, मग बोलू.