कॉन्ट्रा दोघांनी खेळताना धबधब्यात लेक सारखी मरते. काय करू?

निळीपँट:
पुतण्याने 'कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन' घेऊन दिलंय. आपण टीव्ही गेमवर कॅसेट लावून खेळायचो ती कॉन्ट्राही त्यात आहे. लेकीला (वय 10) लाल पँटवाला दिलाय. जंगल मस्त जातं, पहिला बेसही निघतो. तिसऱ्या स्टेजला, धबधब्यात, मात्र रोज भांडण. ती म्हणते, "बाबा, तूच मला मारतोस." वर तिच्या लाइफ संपल्या की बटण दाबून माझ्यातली उचलते, आणि बॉसपर्यंत दोघंही खलास. 30 लाइफचा कोड मारू का, की मजा जाईल?

जुनीकॅसेट:
लेक खरं बोलतेय. तिथे स्क्रीन वरच्या खेळाडूबरोबर वर सरकते. खाली राहिलेला कडेबाहेर गेला की मेला, गोळी लागायचीसुद्धा गरज नाही. तुम्हाला उड्या जमतात म्हणून तुम्ही सुसाट वर जाता आणि ती बिचारी खाली.

तिला पुढे घाला. ती एक दगड चढली की मग तुम्ही. वरून गडगडत येणाऱ्या दगडांकडे लक्ष तुम्ही ठेवा आणि 'थांब', 'आता मार उडी' एवढंच ओरडा.

आणि 'एस' अक्षराची बंदूक तिला द्या. पाच गोळ्या पंख्यासारख्या फाकतात, नेम धरावा लागत नाही. 'एल', म्हणजे लेझर, मात्र तिच्यापासून लांब ठेवा. लहान पोरं बटण बडवतात, आणि लेझरची रेघ पोहोचायच्या आत पुन्हा बटण दाबलं की आधीची तुटते. समोरचा ढिम्म उभा राहतो आणि पोरगी म्हणते बंदूक बिघडली.

कोड मारू नका. 3 लाइफमध्येच त्या गेमचा जीव आहे.

आधी_माझा_चान्स:
'एस' नवशिक्याला? मेलं की 'एस' गेला, हातात पुन्हा साधी बंदूक. आमच्या कॉलनीत जो जास्त टिकतो त्याचाच 'एस' असायचा, आणि न विचारता लाइफ चोरली की त्याच्या कंट्रोलरची वायर ओढायची. थोरला भाऊ तेवढ्यासाठी सॉकेटजवळ बसायचा.

कोड मात्र बिनधास्त मारा. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, दोघं असाल तर मग सिलेक्ट आणि स्टार्ट. काझुहिसा हाशिमोतोंनी तो मुळात 1986 च्या ग्रेडियससाठी घातला, कारण टेस्टिंग करताना त्यांना स्वतःलाच तो गेम झेपत नव्हता. बनवणाऱ्याला चालतं, तर दहा वर्षांच्या पोरीला का नाही?

जुनीकॅसेट:
तुमच्या कॉलनीत बाप-लेक खेळत नव्हते हो. आणि लाइफ पुरवायच्याच असतील तर त्या कलेक्शनमध्ये सेव्ह करता येतं. धबधबा सुरू होताना एकदा करून ठेवा, जंगल पुन्हा पुन्हा नको.

निळीपँट:
'एस' तिला दिला, पुढेही तीच. धबधब्याचा बॉस पडला! कोड अजून मारलेला नाही, सेव्ह मात्र केलं. आता नवीनच त्रास. दुसऱ्या बेसमध्ये समोरच्या विजेच्या तारांना ती मुद्दाम जाऊन चिकटते, कारण शॉक बसल्यावर माणूस नाचतो. मरत नाही, पण तोवर गोळ्या मी एकटा झेलतो. याला काही उपाय?