मदत हवी आहे : नातवंडं रात्री राहायला आली की दारांना आतून कुलूप लावावं का?

नमस्कार मंडळी,

आमचं नाशिकला रो हाऊस आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आमची बेडरूम, वर दोन खोल्या आणि गच्ची. एरवी घरात आम्ही दोघंच, मी ६४ आणि हे ७०. दिवाळीत, मे महिन्यात आणि मधूनच एखाद्या शनिवार-रविवारी लेकीची मुलं पुण्याहून राहायला येतात. नातू सात वर्षांचा, नात नुकतीच चारची झाली. बरेचदा लेक-जावई मुलांना सोडून परत जातात, म्हणजे रात्री जबाबदारी पूर्ण आमची.

तीन वर्षांपूर्वी मागच्या गल्लीत घरफोडी झाली. माणसं आत झोपलेली आणि चोरांनी कडी कापून कपाट रिकामं केलं. तेव्हापासून ह्यांनी कडक बंदोबस्त केला. सगळ्या खिडक्यांना जाड ग्रिल. पुढच्या दाराबाहेर सरकतं जाळीचं गेट आणि त्याला आतून कुलूप. मागच्या दाराच्या आल्ड्रॉपला कुलूप, गच्चीच्या दाराला कुलूप. किल्ल्यांचा जुडगा रात्री ह्यांच्या उशाखाली. खरं सांगते, त्यानंतरच मला रात्रीची शांत झोप लागायला लागली.

गेल्या महिन्यात मुलं आली होती. डास फार, म्हणून मी आमच्या खोलीत मुलांच्या गादीजवळ कॉइल लावली. रात्री कधीतरी नातीची गोधडी सरकून कॉइलवर पडली. जाळ नव्हता, गादीतला कापूस आतल्या आत धुमसत होता. खोकल्याने मला जाग आली तेव्हा दिवा लावूनही समोरची भिंत धड दिसत नव्हती. हे मुलांना घेऊन पुढच्या दाराकडे गेले, मी गादी ओढत मोरीत नेली आणि तिच्यावर बादल्या ओतत सुटले.

गादी विझवून, खिडक्या उघडून मी हॉलमध्ये आले तरी गेट बंदच होतं. जुडग्यात नऊ किल्ल्या, ह्यांचा चष्मा खोलीत राहिलेला, हात थरथरत होते. तेवढ्यात जुडगा हातातून सुटला आणि जाळीच्या फटीतून पलीकडे पोर्चमध्ये पडला. ह्यांचा हात फटीतून जाईना. शेवटी नातवाने आपला बारीक हात खांद्यापर्यंत बाहेर घालून बोटांनी जुडगा ओढून घेतला. कुणालाही काही झालं नाही. पण जाळीला गाल दाबून जुडगा ओढणारं ते पोर अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

कुलूप काढून टाका, असं तुम्ही म्हणाल. पण नात दिवाळीत पहाटे पाच वाजता एकटीच उठली, दाराची कडी काढली आणि पोर्चमध्ये गल्लीतल्या कुत्र्याला बिस्कीट देत बसली होती. त्या दिवशी गेटचं कुलूप चुकून लावायचं राहिलं होतं. लेक म्हणते, "आई, काहीही कर, पण रात्री कुलूप लाव." हे म्हणतात, चोर रोजचा, आग कधीतरी. दोघंही कुलुपाच्याच बाजूचे, आणि मला मात्र आता त्या कुलुपाचीच भीती वाटते.

अजून दोन गोष्टी सांगते, कारण त्यांचाही संबंध असेल. आमची इलेक्ट्रिक स्कूटर रात्रभर पोर्चमध्ये, गेटला अगदी लागून चार्ज होत असते. आणि हे रात्री कानातलं मशीन काढून ठेवतात. धूर ओळखणारा अलार्म बसवला तर ह्यांना ऐकू येईल का?

चोर आत येऊ नये, नात बाहेर जाऊ नये आणि वेळ आली तर आम्ही सगळे क्षणात बाहेर पडावं, अशी काही सोय असते का? कुणी केली असेल तर कृपा करून सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी अग्निशमन दलातून निवृत्त झालो आहे. तुमचा धागा वाचून लगेच लिहायला बसलो.

पहिली गोष्ट, माणसं जाळाने मरतात त्याहून जास्त धुराने मरतात. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेली एका कुटुंबातली सात माणसं गुदमरून गेली. त्यांत लहान मुलंही होती. तुमच्या गादीसारखा धुमसणारा कापूस म्हणूनच फार वाईट. जाळ दिसत नाही आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होतो.

नियम एकच धरा. घरात माणूस असताना बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. बाहेरून किल्ली लागू दे, आतून नुसती मूठ फिरवायची. तसं मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत बसणारं कुलूप, लाकडी दाराला बसवा, दार आणि चौकट भक्कम करून घ्या. चोराला अडवायचं काम त्या दाराचं. गेटला कुलूप फक्त तुम्ही गावाला जाल तेव्हा.

साहेब म्हणतील की गेटला नुसती कडी ठेवली तर चोर जाळीतून हात घालून काढेल. बरोबर आहे त्यांचं. त्यावर उपाय म्हणजे फॅब्रिकेटरकडून कडीभोवती तीन बाजूंनी पत्र्याचा डबा वेल्ड करून घ्यायचा, फक्त आतली बाजू उघडी. बाहेरचा हात पोहोचत नाही, आतला माणूस अंधारात चाचपूनही कडी काढतो. गेटचे रूळ साफ ठेवून वंगण घाला, नाहीतर घाईत नेमकं तेच अडकतं.

तुमची बेडरूम तळमजल्यावर आहे. तिथल्या ग्रिलचा एक भाग कापून बिजागरीवर उघडणारा करा, मोठा माणूस बाहेर पडेल एवढा. त्याला कुलूप लावणारच असाल तर किल्ली त्याच खोलीत खिळ्याला, खिडकीतून आलेला हात पोहोचणार नाही इतक्या लांब, आणि त्या खिळ्यावर दुसरं काहीही टांगायचं नाही.

आणि स्कूटर आजच तिथून हलवा. लिथियमची बॅटरी पेटली तर विझता विझत नाही, आणि तुमची ती बरोबर बाहेर पडायच्या वाटेवर आहे. चार्जिंग दिवसा, डोळ्यांसमोर.

रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू नाही, बंदही नाही. दारं-खिडक्या उघडायच्या, मुलांना घेऊन बाहेर पडायचं आणि बाहेरूनच १९०६ ला फोन करायचा. हा गॅसगळतीचा नंबर. आगीसाठी १०१ किंवा ११२. नातवाला हे आकडे आणि तुमचा पूर्ण पत्ता पाठ करून घ्या. पुण्याच्या मुलाला आजीचा पत्ता सांगता येत नाही, हे मी पाहिलं आहे.

प्रतिसाद २

आजी, माझा मुलगाही असाच रात्री उठून दाराशी जायचा. आम्ही दाराला चुंबकाचा छोटा अलार्म लावला. सेलवर चालतो, दार इंचभर उघडलं तरी किंचाळतो, आणि फार महागही नाही. कुलूप मुलाला अडवतं तसं आपल्यालाही अडवतं. हा कुणालाच अडवत नाही, फक्त उठवतो. शिवाय वरची कडी त्याच्या हाताच्या वर बसवली. तुमच्याकडे मात्र नातवाला पोहोचेल आणि नातीला पोहोचणार नाही अशी उंची शोधा. दोघांना दाराला पाठ लावून उभं करा, हात वर करायला सांगा आणि पेन्सिलने खुणा करा.

प्रतिसाद ३

काकू, मी इंग्लंडमध्ये राहते. अलार्मबद्दल एक महत्त्वाचं. इथल्या डर्बीशायरच्या अग्निशमन सेवेने आणि स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठाने ३४ मुलांवर चाचणी घेतली होती. झोपेत अलार्म वाजवला तर त्यांतली २७ मुलं एकदाही उठली नाहीत. तेव्हा मुलं अलार्मने उठतील असं धरूच नका. अलार्म मोठ्यांना उठवण्यासाठी, आणि मोठ्यांनी मुलांना उठवायचं.

काकांचं म्हणाल, तर नेहमीच्या अलार्मचा आवाज ३००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बराच चिरका असतो आणि वयानुसार आधी तेच सूर ऐकू येईनासे होतात. ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला अलार्म मिळतो, उशाखाली थरथरणारी चकतीही मिळते. उशाखाली किल्ल्यांऐवजी ती ठेवा. एक अलार्म बेडरूममध्ये, एक बाहेर, एक जिन्याच्या वर, आणि एक वाजला की सगळे वाजतील असे एकमेकांना जोडलेले घ्या. स्वयंपाकघरात मात्र धुराचा नको, फोडणीला रोज वाजेल आणि तुम्ही वैतागून काढून ठेवाल. तिथे उष्णता ओळखणारा लावा.

धागाकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवले. पत्र्याच्या डब्याचं वाचलं तेव्हा हे पहिल्यांदा म्हणाले, "हे जमेल." इतके दिवस ज्यावर आमचं एकमत झालं नव्हतं ते त्या एका वाक्याने झालं.

स्कूटर त्याच दिवशी कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला नेली. मॉर्टिस लॉक बसलं. गेटची कडी आणि बेडरूमचं ग्रिल गेल्या आठवड्यात झालं. फॅब्रिकेटरने आधी "बाई, घर कमकुवत करताय" असं ऐकवलं. हे स्वतः त्याच्याजवळ उभे राहिले आणि हात जातो का ते बाहेरून चारदा करून पाहिलं. दाराचा अलार्म लागला. धुराचे तीन अलार्म बसले, थरथरणारी चकती मागवली आहे. कॉइल घरातून गेली, आता मच्छरदाणी.

शनिवारी मुलं आली तेव्हा पेन्सिलच्या खुणा केल्या. नातीचा हात बरोबर चार फुटांपर्यंत, नातवाचा पावणेपाच. दाराची वरची कडी साडेचार फुटांवर बसवली. मग रात्री जेवणं झाल्यावर दिवे घालवून सराव केला. खाली वाकून, भिंतीला हात लावत सगळे बाहेर, आणि जमायचं समोरच्या कडुनिंबाखाली. पहिल्यांदा नात तिच्या बाहुलीसाठी परत फिरली. दुसऱ्यांदा ह्यांनी तिचा हात सोडला नाही. नातवाने अंधारात कडी काढली, आणि आम्ही चौघं चाळीस सेकंदांत झाडाखाली होतो.

आता एकच राहिलं आहे. लेक-जावई राहतात तेव्हा ते मुलांना घेऊन वरच्या खोलीत झोपतात. जिना हॉलमधून, म्हणजे खाली धूर झाला की तो जिन्यानेच वर जाणार. त्यांच्यासाठी दुसरी वाट फक्त गच्चीची, तिथून शेजारच्या गच्चीवर जाता येतं. पण चोरांनाही शेजारच्या गच्चीवरून तसंच येता येतं. ते दार लोखंडी आहे, आतून आडवी पट्टी आणि तिला कुलूप. नुसती पट्टी ठेवून कुलूप काढलं तर बाहेरून ती सरकवता येते का? लोखंडी दाराला आतून मुठीने उघडणारं लॉक कुणी बसवलं असेल तर कसं ते सांगा. पुढच्या शुक्रवारी चौघंही मुक्कामाला येणार आहेत.