जुनी वॉशिंग मशीन आणि घरातली इतर जुनी यंत्रं: कुठे शोधावीत, घेताना काय पाहावं?

नाशिकरोडकर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे आजीचा सुमीत मिक्सर आहे, आजही त्यावर रोज चटणी वाटली जाते. तो खोलून, साफ करून परत जोडला आणि तेव्हापासून या विषयाने पकडलंय. १९६० ते १९९० च्या काळात आपल्या मध्यमवर्गीय घरांत जी यंत्रं आली ती जमवायची आहेत, आणि तीही चालती. नुसती मांडून ठेवायची नाहीत. सगळ्यात जास्त ओढ आहे ती सुरुवातीच्या दोन टबवाल्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनची. खट्याक करून बटण फिरवायचं आणि टिकटिकणारा टायमर शून्यावर यायची वाट बघायची, ते मशीन.
रेडिओ आणि पंखे विकणारे भेटतात. वॉशिंग मशीन म्हटलं की सगळ्यांचं एकच उत्तर: "ते भंगारात गेलं." कुठे शोधू? आणि समोर आलंच तर घ्यायच्या लायकीचं आहे की नाही हे कसं ओळखू?

मोटरबांधणी
धागा काढलात ते फार बरं केलंत. माझं आयुष्य मोटारी बांधण्यात गेलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी कुठे ते. पुण्याच्या जुन्या बाजारात (बुधवार, रविवार) किंवा मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटला मिक्सर, रेडिओ, इस्त्री, टेबलफॅन मिळतील; वॉशिंग मशीन क्वचित. रेडिओ बिघडला तरी लोक तो माळ्यावर ठेवतात. मशीन अवजड, मोरीत उभं राहून खालून गंजतं आणि नवीन घेताना एक्स्चेंजमध्ये जातं. म्हणून दसरा-दिवाळी आटोपली की तालुक्याच्या गावातल्या उपकरणांच्या दुकानदारांकडे चक्कर टाका. एक्स्चेंजमध्ये आलेला माल त्यांच्या गोदामात काही दिवस पडून असतो, मग लॉटने भंगारात जातो. तो मधला वेळ तुमचा. दुसरी जागा म्हणजे रिडेव्हलपमेंटला निघालेल्या जुन्या सोसायट्या. डोंबिवली, मुलुंड, कोथरूडला घरं रिकामी होताना लोक माळे उपसतात, तेव्हा वॉचमन आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून ठेवा. तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे म्हातारा मेकॅनिक. त्याच्या दुकानाच्या मागे गिऱ्हाइकाने परत न नेलेली मशीनं असतात, आणि त्या यंत्राची पूर्वपीठिकाही त्याला ठाऊक असते.

आता पारख. रंग आणि स्टिकरकडे बघू नका. मशीन आडवं करून तळ बघा. पत्र्याला बोटाने दाबल्यावर पापुद्रे सुटत असतील तर सोडून द्या; पत्रा गेलेलं मशीन परत उभं करणं फार कठीण. मग स्पिनचा टब हाताने फिरवा. आवाज न करता फिरला पाहिजे. खरखर आली तरी घाबरू नका, बेअरिंग किंवा बुशचा प्रश्न असेल, तो सुटतो. झाकण उघडल्यावर ब्रेक लागून टब थांबतो का ते बघा. झाकणाच्या तारेने ब्रेक लागतो आणि त्याच वेळी मोटारचा प्रवाह तुटतो, म्हणून ही तार कापलेलं किंवा जोडून टाकलेलं मशीन तसंच वापरू नका. धुण्याच्या टबात पाणी भरून अर्धा तास ठेवा आणि खाली कागद पसरा. पल्सेटरच्या (तळाशी कपडे घुसळणारी चकती) खालचं सील गेलं असेल तर पाणी मोटारीवर पडतं. या मशीनांच्या मोटारी बहुतेक याच कारणाने जळतात.

मोटार नुसती गुणगुणते पण फिरत नाही, असं असेल तर विक्रेता "मोटार गेली" म्हणून भाव पाडून देईल. लाइन बंद करून टब मोकळा फिरतो का बघा. फिरत असेल तर बऱ्याचदा फक्त कपॅसिटर (मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारा भाग) गेलेला असतो. पण आतून वॉर्निश जळल्याचा वास आला तर वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) गेलं समजा. तेही बांधून मिळतं, फक्त तो खर्च किमतीत धरा. शंका असेल तर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) बॉडी आणि वाइंडिंगमधला रोध मोजून घ्या. एक मेगओहमच्या खाली असेल तर सुकवल्या-दुरुस्त केल्याशिवाय लाइन देऊ नका.

सुटे भाग: कंपनीचा पार्ट मागत फिरू नका. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०२, ६२०३ ही बेअरिंग आजही कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. ऑइल सीलचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून घेऊन गेलात की काम झालं. खरी अडचण येते ती टायमर, पल्सेटर आणि प्लास्टिकच्या टबाची. म्हणून दोन मशीनं घेऊन एक चालतं करणं हाच शहाणा मार्ग.

कोल्हापुरी_तार
वरच्या प्रतिसादाला जोरदार अनुमोदन. रेडिओबद्दल माझ्याकडून भर.

व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) जुना मर्फी रेडिओ (हे आपल्या ठाण्यात बनायचे) किंवा दुसरा कुठलाही सेट मिळाला की विक्रेता लगेच म्हणतो, "लावून दाखवतो." लावू देऊ नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटमधले मेणकागदाचे आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर निकामी झालेले असतात. थेट २३० व्होल्ट दिले तर ट्रान्सफॉर्मरच जळतो, आणि तो मिळणं मुश्कील. आधी ते कपॅसिटर बदला, मग सिरीज बल्ब लावून, म्हणजे सेटकडे जाणाऱ्या एका तारेच्या वाटेत बल्ब जोडून, सेट सुरू करा. १०० वॉटचा साधा तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

दुसरं, जिवाशी गाठ असलेलं. काही सेट एसी-डीसी दोन्हीवर चालायचे. त्यांत यूसीएच ८१, यूएल ८४ असे 'यू'ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असतात आणि ट्रान्सफॉर्मर नसतो. अशा सेटची चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट लाइनला जोडलेली असते. मागचा पुठ्ठा काढून, नॉब निघालेल्या दांड्याला हात लावाल तर झटका बसेल. नवशिक्याने हे सेट सुरुवातीला घेऊच नयेत.

आणि कुणाच्या माळ्यावर तांब्याच्या तारेची जाळीची एरियल किंवा पोस्टाच्या रेडिओ लायसन्सचं पुस्तक दिसलं तर सेटबरोबर मागून घ्या. लोक ते फेकून देतात.

गारेगार
फ्रिज घ्यायचा असेल तर चालताच घ्या. गोदरेजने १९५८ मध्ये भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली, त्यामुळे जुना माल बराच आहे. पण त्या काळचे फ्रिज आर-१२ गॅसवर चालायचे. ओझोनला घातक म्हणून त्याचं उत्पादन बंद झालं आहे. नवीन आर-१३४ए जुन्या कॉम्प्रेसरच्या खनिज तेलात मिसळत नाही, तेव्हा "गॅस भरून देतो" म्हणणाऱ्याच्या भरवशावर बंद फ्रिज घेऊ नका.
शिवाय खटक्याच्या कडीचा, म्हणजे आतून न उघडणारा दरवाजा असेल तर घरी आणण्याआधी ती कडी काढून टाका. लहान मुलं आत लपतात. यावर तडजोड नको.

आयोवात_राहणारी
इकडे अमेरिकेतल्या संग्राहकांत मेटॅग कंपनीच्या पिळणीवाल्या वॉशिंग मशीनला फार मान आहे. न्यूटन नावाच्या छोट्या गावात बनायची, १९८३ पर्यंत. मीही एक वापरते. दोन रबरी रुळांतून कपडा पिळून निघतो. बोटं सांभाळावी लागतात, म्हणून रूळ झटकन सुटे करणारा दांडा चालतो का हे मी आधी बघितलं. पण भारतात न्यायचा मोह टाळा. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरेल, फ्रिक्वेन्सी नाही. ६० हर्ट्झची मोटार ५० वर हळू फिरते आणि जास्त तापते.

नाशिकरोडकर
मंडळी, मनापासून आभार. सिन्नरला एका दुकानदाराच्या गोदामात एक दोन टबवालं आहे असं कळलंय. तळ शाबूत, स्पिन फिरतो, धुण्याचा टायमर मात्र अडकलाय. तो ५०० मागतोय. घेऊ?

मोटरबांधणी
घ्या. टायमर फेकू नका, उघडून बघा. बऱ्याचदा आतल्या दातऱ्यांवरचं ग्रीस सुकून घट्ट झालेलं असतं. पेट्रोलने धुऊन, पूर्ण वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला की सुटतो. संपर्काच्या पट्ट्यांना तेल लागू देऊ नका. आणि मोरीत लावणार असाल तर दोन पिनची जुनी वायर काढून तीन पिनची घाला, बॉडीला अर्थिंग द्या, मगच पाणी भरा.