डिग्री कोर्समध्ये समाजकाम कसं बसवायचं?

स्टॅट्सवाली_ठाणे: नमस्कार, मी ठाण्यात डिग्री कॉलेजला स्टॅटिस्टिक्स शिकवते. एनईपीनंतर (नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण) फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट मिळायला लागलेत, पण मुलं एक दिवस जातात, फोटो काढतात, रिपोर्ट जमा केला की विषय संपला. मला इथल्या येऊरच्या आदिवासी पाड्यांवर खरंच उपयोगी पडेल असं काहीतरी करायचंय, तेही विषयाला धरून. कोणी केलंय का?

ऐरोलीकर: मॅडम, आधी एनएसएसपासून (राष्ट्रीय सेवा योजना) हे वेगळं ठेवा. एनएसएस १९६९ पासून आहे, वर्षाला १२० तास, चांगलंच आहे, पण ते विषयाला धरून नसतं. इथे तुमचं सॅम्पलिंगच (सर्व्हेसाठी नमुना निवडणं) कामाला लागलं पाहिजे. आणि सर्व्हेचा फॉर्म कॉलेजात बसून बनवू नका! आमच्या मुलांनी 'मासिक उत्पन्न किती' विचारलं तर एक मावशी म्हणाल्या, अरे रोजंदारीला महिना कुठला, पाण्याला किती खेपा होतात ते विचार. मग तोच प्रश्न पहिला घेतला आणि सगळा सर्व्हे बदलला.

टीवाय_वाशी: स्टुडंट म्हणून सांगतो, नुसत्या तासांना मार्क देऊ नका, लोक सह्या गोळा करतात. काय दिसलं, वर्गातलं कुठे लागू पडलं, कुठे नाही, हे दर आठवड्याला लिहून घ्या आणि त्यावर वर्गात बोला.

ऐरोलीकर: +१. अजून एक, भातलावणीच्या दिवसांत जाऊ नका, कोणाला वेळ नसतो. आणि निष्कर्ष मराठीत पाड्यावर जाऊन वाचून दाखवा, त्यांची माहिती आहे ती.

स्टॅट्सवाली_ठाणे: खूप आभार! सुट्टीआधीच पाड्यावर जाऊन विचारते, त्यांना काय मोजून हवंय ते.