बोलका आरोग्य सहायक : वयानुसार वेगळी रूपं द्यावीत का?

प्रश्न – नवी_पाटी
औषधांची आठवण, रक्तदाब-साखरेच्या नोंदी आणि ‘डॉक्टरांकडे कधी जावं’ एवढं सांगणारा सहायक बनवतोय. वापरणारे १४ ते ८० वयाचे. बेत असा, की सुरुवातीलाच जन्मवर्ष विचारायचं आणि तीन रूपं द्यायची : मुलांना कार्टून, तरुणांना गप्पिष्ट मित्र, ज्येष्ठांना मोठ्या अक्षरांची, सावकाश बोलणारी नर्स. हे चालेल का? अक्षर, बटणं, आवाज यांचे नेमके आकडे हवे आहेत.

उत्तर – रेषा_रंग
जन्मवर्षावरून काही ठरवू नका. सत्तरीतल्या कुणाला स्वच्छ दिसतं, तर चाळिशीतच मधुमेहाने कुणाची नजर अधू झालेली असते. फोनमध्ये आधीच निवडलेला अक्षराचा आकार उचला. शिवाय पहिल्याच पडद्यावर एक ओळ तीन आकारांत दाखवून ‘कुठली आरामात वाचता येते?’ एवढं विचारा.

अक्षर २०० टक्के मोठं करून प्रत्येक पडदा तपासा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, नाहीतर देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. अक्षर-पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१, औषधाच्या मात्रेसाठी ७:१. बटण ४८ डीपी (पडदा कुठलाही असो, साधारण सारखंच दिसणारं माप), दोन बटणांत ८ डीपी मोकळी जागा.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळ्या-हिरव्यातला फरक पुसट होतो. म्हणून ‘घेतली’ आणि ‘राहिली’ हे नुसत्या रंगाने दाखवू नका, शब्दच लिहा. हात थरथरणाऱ्याचा एक स्पर्श दोनदा लागतो आणि एकाच गोळीच्या दोन नोंदी पडतात. अर्ध्या सेकंदातला दुसरा स्पर्श सोडून द्या आणि ‘नोंद मागे घ्या’ हे बटण तिथेच ठेवा.

उत्तर – कानोसा
आवाजाबद्दल. वाढत्या वयात आधी उंच पट्टीचे स्वर ऐकू येईनासे होतात आणि ‘स’, ‘श’सारखी व्यंजनं निसटतात. तेव्हा आवाज खालच्या पट्टीतला निवडा. सावकाश म्हणजे शब्द ताणणं नव्हे; वाक्याच्या तुकड्यांमधला विराम वाढवा. लहान मुलाशी बोलावं तसा लाडिक सूर तर अजिबात नको. तो अपमानास्पद वाटतो आणि पट्टी चढल्यामुळे कळायलाही अवघड जातो.

ऐकण्याच्या बाजूला जास्त घोळ होतात. अर्धा सेकंद शांतता झाली की ‘बोलणं संपलं’ असं धरलं, तर गोळीच्या पाकिटावरचं नाव शोधणाऱ्या माणसाला मध्येच तोडलं जातं. दीड ते दोन सेकंद थांबा.

‘सात’ आणि ‘साठ’ हा खरा धोका. साखर ६० मिग्रॅ/डेसिलिटर म्हणजे खाली गेलेली. ७ मिलिमोल/लिटर म्हणजे सुमारे १२६ मिग्रॅ. एकक पक्कं नसेल तर दोन्ही आकडे शक्य वाटतात आणि नोंद बिनबोभाट चुकते. एकक सुरुवातीलाच ठरवून घ्या, ऐकलेला आकडा पडद्यावर मोठा दाखवा, ‘सहा, शून्य. बरोबर?’ असं विचारा आणि होकार आल्यावरच साठवा.

नवी_पाटी
म्हणजे तिन्ही रूपं रद्द. पण किशोरांसाठी काहीच वेगळं नको?

उत्तर – सूचनापेटी
त्यांना कार्टूनपेक्षा खासगीपणाची काळजी असते. लॉक पडद्यावर औषधाचं नाव येऊ देऊ नका. ‘आठवण आहे’ एवढंच पुरे. त्यांनी काही लिहिण्याआधीच ‘हे आई-बाबांना दिसेल’ किंवा ‘दिसणार नाही’ हे स्पष्ट सांगा. त्यांच्या बोलीची नक्कल करू नका, लगेच उघडी पडते.

नर्सचा गणवेशही काढाच. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउमच्या ‘एलायझा’ या गप्पा मारणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमला चेहरा नव्हता, आवाज नव्हता, तरी लोक नुसत्या मजकुराशी मन मोकळं करू लागले. नर्स दिसली की आपल्या नोंदी कुणीतरी पाहतंय असं माणूस धरून चालतो आणि जास्त आलेला रक्तदाब नोंदवून स्वस्थ बसतो. प्रत्येक नोंदीखाली ‘ही नोंद कोणी तपासत नाही’ हे वाक्य हवंच.

छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, आत्महत्येचा विचार, यांची तपासणी ठरीव नियमांनी करा, तीही भाषा-मॉडेलने (सहायकाची उत्तरं तयार करणाऱ्या एआयने) उत्तर देण्याआधी. तिथे वय, रूप, गप्पा सगळं बाजूला : एक वाक्य आणि आपत्कालीन फोनचं बटण. हा पडदा सगळ्यांना सारखाच. चाचणी घेताना फोनचा आवाज बंद ठेवून आणि अक्षर सर्वांत मोठं करूनही बघा. बटण स्क्रोल न करता दिसलं पाहिजे.